मोत्याचे अभ्यंगस्नान

आपल्या सणावारांनी जनावरांची आठवण चांगली ठेवली आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतात, दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड लावून त्याला पुरणपोळी चारतात. वसुबारसेला गाय-वासराच्या पायांवर पाणी पडते. नागपंचमीला तर ज्याच्या नुसत्या नावाने अंगावर काटा यावा, त्या नागालाही दूध-लाह्या मिळतात. पण बारा महिने तेरा त्रिकाळ दारात पडून राहणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्या पंचांगात एकही तिथी राखलेली नाही. नेपाळात ती आहे. तिकडच्या तिहार सणात, आपण ज्या दिवशी पहाटे उठून तेल-उटणे लावून न्हातो त्याच नरक चतुर्दशीला, कुत्र्यांच्या कपाळी टिळा लावतात आणि गळ्यात झेंडूच्या माळा घालतात. पाळलेल्यांच्याही आणि उकिरड्यावरच्यांच्याही. आपल्याकडे त्या पहाटे कुत्रे कुठे असते? पलंगाखाली. पहिला फटाका वाजला की ते भिंतीला अंग चिकटवून बसते, आणि आपण चकलीचा तुकडा दाखवून ‘अरे, भितोस काय एवढा?’ म्हणून त्याची समजूत घालतो. आपल्या कानांना जे नुसते मोठे वाटते ते त्याच्या कानांना काय वाटत असेल, हे आपण कधी विचारात घेत नाही.

गेल्या दिवाळीत शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी मोती साबणाची वडी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. म्हणाली, ‘काकू, हा तुमच्या मोत्याचा.’ आमच्या कुत्र्याचे नाव मोत्या, आणि साबण मोती. तेव्हा हा साबण त्याच्याचसाठी निघाला आहे अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मी तिला सांगितले, की माणसाचा साबण कुत्र्याला चालत नाही. आपली कातडी किंचित आंबट गुणाची, त्याची जवळजवळ उदासीन आणि आपल्याहून पातळ. आपल्या साबणाने ती कोरडी पडते, खाजते, आणि खाजवून खाजवून तो जखमा करून घेतो. ‘मग उटणे?’ तेही नको. ‘मग त्याची दिवाळी कशी होणार?’ असे विचारून ती वडी घेऊन परत गेली. तिच्या या प्रश्नाने मला नंतर बरेच दिवस कामाला लावले, आणि हा लेख त्या कामाचा हिशेब आहे.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला आंघोळ घालण्यात नीतीचा प्रश्न कसला आला? घाण झाले की धुवावे, संपले. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटे. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण मास्तरीणबाईला रोज चाळीस-पन्नास प्रश्नांना तोंड द्यावे लागते, आणि त्यांतला एखादा असा निघतो की तो फळ्यावरून पुसला तरी पुसला जात नाही.

मोत्याची आंघोळ कशी होते ते आधी सांगते. महिन्यातून एकदा, ऊन चढल्यावर, मोरीत. पाणी कोमट. कुत्र्यांसाठीचा सौम्य साबण मिळतो, तो थोडासाच. डोक्यावर पाणी ओतायचे नाही, ओल्या फडक्याने तोंड पुसायचे. कानात पाणी राहिले की कान सडतात. मग जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसून अंगणात सोडायचे. आणि सोडल्याक्षणी हा काय करतो? धावत जाऊन धुळीत लोळतो. शेजारच्या गोठ्यापुढे शेण सापडले तर शेणात. माझी तासाभराची मेहनत पाच मिनिटांत पंचमहाभूतांना परत. माझ्या कादंबऱ्यांतली माणसे मी म्हणेन तशी वागतात. मोत्याने हा मोठेपणा मला कधी दिला नाही.

मी त्याच्यावर पूर्वी चिडत असे. पुढे ध्यानात आले, की त्याच्या बाजूने पाहिले तर मीच त्याचे काहीतरी चोरले होते. कुत्र्याचे जग नाकाचे. कोण आले, कोण गेले, कोण आजारी, कोण माजावर, हे सारे त्याला वासावरून कळते. त्याची स्वतःची ओळखही त्याच्या वासातच असते. ती ओळख धुऊन काढून मी त्याच्या अंगाला गुलाबाचा वास लावला. त्याच्या नाकाला तो गुलाब म्हणजे आपल्या कानाशी लागून वाजणारा ताशा. आंघोळ घातली खरी; पण कोणाला हवी होती म्हणून? मला. दोन खोल्यांच्या घरात आम्ही सगळे एकत्र राहतो, आणि वास मला सहन होत नाही. यात गैर काही नाही. एकत्र राहायचे तर दोघांनीही थोडे सोसावे. फक्त हा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते नीट लिहावे, एवढेच माझे म्हणणे. ‘मी कुत्र्याचे किती करते’ या सदराखाली आंघोळ मांडण्याचा हक्क मला नाही.

मग त्याच्या खात्यावर काय मांडावे? येथे मला माझे माहेर आठवते. ते दौंडचे. दौंड म्हणजे जंक्शन. मनमाडकडची लाइन तेथून फुटते, आणि रात्री-अपरात्री गाड्या येत-जात असतात. स्टेशनावरची कुत्री मी लहानपणापासून पाहते आहे. कोणत्या गाडीचा कोणता डबा कुठे उभा राहतो, कोणत्या खिडकीतून पुरीचा तुकडा पडेल, हे त्यांना हमालांइतके ठाऊक. अंगावर खरूज, कान फाटलेले, पण एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे: त्यांची नखे कधी वाढलेली दिसत नाहीत. खडी, सिमेंट, रूळ यांवर दिवसभर चालून ती आपोआप झिजतात. आमच्या मोत्याची मात्र कापावी लागतात. नखात शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसतच नाही. म्हणून काळे नख तांदळाएवढे-तांदळाएवढेच उडवायचे, नाहीतर रक्त. तो पाय ओढतो, मी धरून ठेवते. दोघांनाही घाम फुटतो. (हे म्हणायचे म्हणून म्हटले, कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरता, बाकीचे अंग ते जीभ काढून धापा टाकत निववते.) हे कष्ट कशाचे? फरशीचे. मी त्याला खडीवरून उचलून गुळगुळीत फरशीवर आणला, म्हणून नखे वाढली. तेव्हा नखे कापणे ही मी त्याच्यावर केलेली दया नव्हे. त्याचे जे घेतले त्याची ती परतफेड आहे, आणि तीही हप्त्याहप्त्याने.

एकदा हे सुचल्यावर मी कुत्र्याच्या सगळ्या निगेकडे या नजरेने पाहू लागले. गोचीड घ्या. तुम्ही म्हणाल, गोचीड काही माणसाने कुत्र्याला दिले नाहीत. खरे आहे, स्टेशनावरच्या कुत्र्यांनाही ते असतात. पण कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगला की खाली गळतो, आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत जाऊन अंडी घालतो. जे कुत्रे एकाच कोपऱ्यात बांधलेले, त्याच्या अंगावर तेच पीक पुन्हा पुन्हा चढते. कोपरा आपण नेमून दिला. मग गोचीड वेचणेही आपल्याकडे आले. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी पाहावे. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा, बोटांनी चिरडू नये. आमच्याकडे गावोगाव रॉकेल चोळण्याची चाल होती. ती फार वाईट. कातडी भाजते, आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते. गोचिडांपासून येणारा ताप मोठमोठी कुत्री आठवड्यात लोळवतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि अन्न सुटले की डॉक्टरकडे न्यायला संध्याकाळची वाट पाहू नये. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. हे शेवटचे देणे तर कुत्र्याचे नसून शेजाऱ्यांच्या लेकरांचे आहे, त्यात चालढकल करणाऱ्याला कुत्रा पाळण्याचा अधिकारच नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला नेहमी बरोबर वाटतो. शिरूर तालुक्याच्या कोरड्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. हंडा-कळशी घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई, कुत्र्याला न्हाऊ घालणाऱ्या बाईला काय म्हणेल? जे म्हणेल ते न्याय्यच असेल. पण गंमत अशी, की येथे कुत्र्याचे आणि त्या बाईचे हित एकच आहे. कुत्र्याला फार आंघोळी नकोच असतात. त्याला हवा असतो कंगवा. रोज दहा मिनिटे केसांच्या दिशेने विंचरले की मळ निघतो, सुटे केस निघतात, कातडीतले तेल पसरते, आणि बोटांना गाठ, जखम, गोचीड जे असेल ते लागते. कंगव्याला पाणी लागत नाही, वेळ लागतो. आणि देणाऱ्याची खरी परीक्षा वेळातच असते. बाटलीतला साबण काय, पैसे टाकले की मिळतो.

अलीकडे शिरूरलाही नव्या वसाहती झाल्या. रांजणगावच्या कारखान्यांत नोकरीला आलेली मंडळी तेथे राहतात, आणि संध्याकाळी कुत्री फिरवायला निघतात. त्यांत मी हस्की पाहिला आहे. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेले ते जनावर, दुहेरी लोकरीचा अंगरखा घालून, एप्रिलच्या सहा वाजता घोडनदीच्या रस्त्यावर जीभ लोंबवीत चालले होते. मालक प्रेमळ होता. सोबत पाण्याची बाटली होती, कुत्र्याच्या केसांना झळाळी होती. पण ज्या प्राण्याचे अंगच येथल्या हवेशी भांडते, त्याला कितीही विंचरले तरी पहिले देणे फिटत नाही. तीच गोष्ट पगची. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग लहान मुलाच्या मागे मागे चालला आणि घरोघर पग आले. त्याचे ते चपटे, केविलवाणे तोंड आपल्याला गोड वाटते. ते माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून चपटे केले, आणि आता त्यातून त्या बिचाऱ्याला धड श्वास घेता येत नाही. तो झोपेत घोरतो म्हणून घरातले हसतात.

निगा आणि प्रेम ही एकच नव्हेत, हे मला सर्वांत जास्त कोणी शिकवले असेल तर लायकाने. मॉस्कोच्या रस्त्यावरची ही भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने तिला स्पुटनिक-२ मध्ये बसवून पृथ्वीभोवती पाठवले. परत आणण्याची सोय त्या यानात नव्हती, आणि पाठवणाऱ्यांना ते माहीत होते. निघण्यापूर्वी तिचे अंग सौम्य मद्यार्काने पुसले, केस काळजीपूर्वक विंचरले. त्याआधी एका शास्त्रज्ञाने तिला आपल्या घरी नेऊन मुलांबरोबर खेळू दिले होते. तिचे थोडेच आयुष्य उरले आहे, तर तिच्यासाठी काहीतरी चांगले करावे असे त्याला वाटले. पुष्कळ वर्षे जगाला सांगण्यात आले, की ती काही दिवस सुखात जगली. २००२ साली उघड झाले, की यान तापले आणि ती काही तासांतच गेली. मला त्या विंचरणाऱ्या हाताचा विचार येतो. तो हात दुष्ट नसावा. बहुधा तो हळुवार असेल. लायकाने मान त्याच्याकडे दिली असेल, जशी मोत्या माझ्याकडे देतो. विंचरणे तेच, कंगवा तोच, विश्वासही तोच. फक्त तो विश्वास कशासाठी वापरायचा हे एकाच बाजूने ठरलेले.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. भाषा पाहिली तर आपण दुटप्पी: ‘कुत्र्याच्या मौतीने मेला’ ही शिवी, आणि ‘इमानी’ म्हटले की पहिले नाव कुत्र्याचेच. माहेरी कोणी नवस फेडायला जेजुरीला निघाले की आम्ही पोरे मागे लागत असू. खंडोबाबरोबर कुत्रे असते, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवण्यात कमीपणा मानत नाहीत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असे कीर्तनकार सांगतात. मला ती नुसती कुत्री असली तरी चालतील.

पण खरा विचार महाभारताने केला. त्याच्या आरंभीच एक कुत्री फिर्याद घेऊन येते. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिलू शिरले; त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते, तरी राजाच्या भावांनी त्याला झोडपले. सरमा येऊन विचारते, की याचा अपराध काय? तेथे बसलेल्या साऱ्या कुरुकुलातून एकालाही उत्तर देता येत नाही. ती शाप देऊन जाते, आणि राजा घाबरतो. आणि त्याच महाभारताच्या शेवटी, भाऊ आणि बायको वाटेत पडल्यावर, धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात पाऊल टाकायला नाही म्हणतो. ही दुसरी गोष्ट आपण मुलांना सांगतो, पहिली सांगत नाही. कारण दुसरीत माणसाचा मोठेपणा आहे, पहिलीत कुत्र्याचा प्रश्न आहे. आणखी एक. धर्मराजाच्या मागे आलेले ते कुत्रे न्हायलेले नव्हते, त्याने काही राखणही केली नव्हती. ते बरोबर चालत आले आणि विसंबून राहिले, एवढ्यावरच त्याचा हक्क पक्का झाला.

आता मूळ दुखण्याकडे येते. दोन-तीन वर्षांपूर्वी सहामाहीच्या पेपरात मी ‘माझा आवडता प्राणी’ हा जुनाच निबंध घातला होता. एका वस्तीवरच्या मुलाने लिहिले: ‘आमचा कुत्रा फार उपयोगी आहे. आम्ही त्याला रात्री बाहेर बांधतो. वाघ आला तर आधी त्याला नेतो. मग आम्हाला कळते. आत्तापर्यंत आमचे तीन कुत्रे झाले. मला तिन्ही आवडायचे.’ (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.) अक्षर चांगले होते, शुद्धलेखनाच्या चुका थोड्या. मी लाल पेन हातात धरून किती वेळ बसले असेन, सांगवत नाही. शेवटच्या वाक्याखाली खूण करावी असे त्यात काही चूक नव्हते. त्याला ते तिन्ही आवडत होते, यात मला तिळमात्र शंका नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागात ऊस वाढला आणि उसाच्या आसऱ्याने बिबटे वाढले. आमच्या शेजारच्या, आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्या त्या मुलखात कुत्र्यांच्या सातपट. पण त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. असे का? एक कारण अगदी घरगुती आहे. शेळी रात्री आत असते. खोलीत, पडवीत, दाराला कडी लावून. शेळी विकली तर पैसे येतात, म्हणून ती आत. कुत्रा नुसता आवडतो, म्हणून तो बाहेर.

त्या मुलाचे वडील पालकसभेला आले तेव्हा मी विषय काढला. माणूस कष्टाळू आणि मवाळ. म्हणाला, ‘बाई, खोली एक. त्यात आम्ही सहा जणं, दोन शेरडं. आणि त्याला आत घेतला तर भुंकंल कोण?’ यावर मी काय बोलणार होते? २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने माणसे नेली, त्यांत लहान लेकरे होती. लोक रस्त्यावर उतरले. त्या दिवसांत शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. असे पट्टे मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना बांधतात, कारण बिबट्या नरडे धरतो. ज्यांच्या घरातले मूल गेले, त्यांच्या ओसरीवर बसून कुत्र्याची बाजू मांडायला जीभ उचलत नाही, आणि उचलूही नये. मूल आणि कुत्रा यांत निवड करायची वेळ आली तर ती कोणती करावी हे मला कोणी विचारू नये. मी आई आहे.

पण रोज रात्री निवड तेवढीच असते का? मला वाटते, ‘मूल की कुत्रा’ हा मोठा प्रश्न पुढे करून आपण साखळीचा लहान प्रश्न मागे टाकतो. कुत्र्याने राखण करावी. तो पिढीजात राखणदार आहे आणि त्यात त्याचा मानही आहे. पण राखणदाराला भुंकता येते तसे मागे सरता येते, आडोशाला शिरता येते, निदान झुंजता येते. सुटा कुत्राही बिबट्याला सापडतो, हे मला माहीत आहे. तरीही चार फुटांच्या साखळीने खुंटाला जखडलेले कुत्रे हे राखणदार राहत नाही, ते आमिष होते. वनखात्याचे लोक बिबट्यासाठी पिंजरा लावतात तेव्हा आत शेळी ठेवतात. पण तिच्यापुरता जाळीचा वेगळा कप्पा असतो, बिबट्याचा पंजा तिथवर पोचत नाही. म्हणजे ज्या जनावराला आपण उघड उघड आमिष म्हणतो त्याच्यासाठी जाळी, आणि ज्याला घरचा म्हणतो त्याला ती नाही. वीटभर उंचीचा चौथरा, चार बाजूंनी जाड जाळी, वर पत्रा. आत बसूनही कुत्रा साऱ्या वस्तीला जागे करील इतके भुंकतो. खर्च आहे, नाही म्हणत नाही. पण तिसरे कुत्रे जाण्याच्या आत तो सुचायला हवा होता, आणि तो न सुचण्याचे कारण गरिबी एकटी नाही. नवीन पिलू फुकट मिळते, हेही आहे.

साखळीबद्दल कायदा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा; त्याच्यामागे नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची राज्यसभेतली खटपट होती. त्याच्या ११ व्या कलमात फार आखूड किंवा फार जड साखळीने जनावराला गैरवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहेच. शिवाय सदा बांधलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसे फिरवले नाही, तर त्याचा वेगळा उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना बैल आठवला, घोडा आठवला, आणि मग साखळीला बांधलेले एक कुत्रेही आठवले, याचे मला अप्रूप वाटते. तो वस्तीवरच्या गरिबाला दाखवण्याआधी शिरूर-दौंडच्या त्या बंगल्यांना दाखवावा, जेथे फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी आहे आणि ते कुत्रे दोन वर्षांत त्या फाटकाबाहेर गेलेले नाही.

परतफेड, देणे, हप्ते असे मी बरेच बोलले. तेवढ्यावर सारे भागते का? एक गोष्ट मला अडवते. १९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एक जुने दफन सापडले: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर कुत्रा. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे. पुढे २०१८ साली त्या कुत्र्याच्या दातांवरून अभ्यासकांनी काढले, की ते सहा-सात महिन्यांचे पिलू होते आणि त्याला डिस्टेम्पर झाला होता. हा रोग आजही पिलांचा काळ आहे. ताप, ओकाऱ्या, हगवण, झटके. तरीही ते पिलू काही आठवडे तग धरून होते. माणसाने पाणी पाजल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय, पुसल्याशिवाय ते शक्य नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष. ते शिकारीला उपयोगी नव्हते, राखणीला नव्हते, पुढे होईल अशी आशाही नसावी. शेती नव्हती, गाव नव्हते, फरशी नव्हती, साखळी नव्हती. त्या माणसांनी कुत्र्याचे अजून काही घेतलेलेच नव्हते म्हणा ना. मग ती कसली परतफेड करत होती? माझ्या हिशेबाच्या वहीत ही नोंद कुठेच बसत नाही. मी ती समासात लिहून ठेवली आहे.

दिवाळी सरली की आमच्याकडे मेंढ्यांचे वाडे येतात. रानातली पिके निघालेली असतात, शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवून घेतात. गेल्या वर्षी घोडनदीच्या काठच्या रानात असाच एक वाडा उतरला होता. शाळा सुटल्यावर मी तिकडून चालले होते. तीन दगडांच्या चुलीवर कालवण रटरटत होते, आणि एक म्हातारी धनगरीण आपल्या कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन त्याच्या कानातले गोचीड वेचत होती; वेचला की निखाऱ्यावर टाकी, तो तडकन फुटे. कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा होता, तो तिने काढून बाजूला ठेवला होता. मान पट्ट्याने घासून उघडी पडली होती, तेथे तिने हळद आणि तेल भरले होते. मी जरा वेळ टेकले. तिचा कुत्रा किती वर्षांचा, किती लांडगे त्याने परतवले, हे सगळे तिने सांगितले. मग तिने मला विचारले,

‘तुमच्याकडं हाय का कुत्रं?’

‘आहे.’

‘काय काम करतं?’

मी क्षणभर थांबले. आमच्याकडे चोर आलेला नाही, मेंढ्या नाहीत, शेत नाही.

‘राहतं,’ मी म्हटले.

ती खुदकन हसली, आणि कुत्र्याचे डोके फिरवून तिने दुसरा कान धरला.